कृतज्ञतेची वही दोन आठवड्यांत का मिटते? घरी आणि कामावर नेमकं काय करावं

दुसरी_पाळी

कृतज्ञतेची सवय घरी आणि कामावर, दोन्हीकडे लावायची आहे. काम म्हणजे कारखान्यातला मेंटेनन्स विभाग: तीन पाळ्या, १४ माणसं, त्यातली ५ कंत्राटी. घरी बायको, आई-वडील, आठ वर्षांची मुलगी आणि सकाळी भांडी-फरशीला येणाऱ्या मावशी.

अडतंय ते असं. रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या म्हटलं की दहा-बारा दिवसांत ‘कुटुंब, तब्येत, नोकरी’ एवढंच उरतं आणि वही मिटते. विभागात ‘थँक यू बोर्ड’ लावलाय, पहिले दोन आठवडे चिठ्ठ्या आल्या, आता त्याच त्या तिघांची नावं दिसतात. घरी ‘धन्यवाद’ म्हणावं तर सत्कार समारंभ वाटतो आणि काहीच न म्हणणंही बरोबर वाटत नाही. शिवाय मुळात याने फरक पडतो का आणि पडत असेल तर किती, हेही कळलं तर बरं. ‘सकारात्मक राहा’ यापलीकडचं, उद्यापासून करता येईल असं सांगा.

नोंदवही

वहीपासून सुरुवात करते.

रोज लिहिणं हीच पहिली चूक. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांच्या २००३च्या ज्या अभ्यासावरून ही वहीची पद्धत सगळीकडे पसरली, त्याच्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थी आठवड्यातून एकदाच लिहीत होते, १० आठवडे, एका वेळी जास्तीत जास्त ५ गोष्टी. रोज लिहायला लावलं ते पुढच्या दोन प्रयोगांत आणि तेही जेमतेम दोन-तीन आठवडे. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या गटाने सहा आठवडे दोन पद्धती ताडून पाहिल्या, आठवड्यातून एकदा आणि आठवड्यातून तीनदा. एकदा लिहिणाऱ्यांच्या समाधानात वाढ दिसली, तीनदा लिहिणाऱ्यांच्यात दिसली नाही. रोज तेच ताटात आलं की चव कळेनाशी होते, तसंच हे.

म्हणून आठवड्यातला एक दिवस आणि एक वेळ बांधून घ्या. तुमच्या पाळ्या बदलतात, तेव्हा साप्ताहिक सुट्टीची संध्याकाळ धरा. १५ मिनिटं, साधी शंभर पानी वही, ३ नोंदी, प्रत्येक नोंद चार ओळींची. अंथरुणात पडल्यावर लिहू नका. झोपेच्या घाईत हात आपोआप ‘कुटुंब, तब्येत, नोकरी’कडे वळतो.

चार ओळी म्हणजे चार प्रश्नांची उत्तरं. कोणी केलं? नेमकं काय केलं? त्याला त्यासाठी काय मोजावं लागलं? माझं काय वाचलं किंवा काय सुधारलं?

‘आईबद्दल कृतज्ञ आहे’ ही नोंद पुसून टाका. त्याऐवजी: ‘गुरुवारी आई मुलीला बसथांब्यावरून घेऊन आली. गुडघा दुखत असताना दोन जिने चढली, दुपारची झोपही गेली. मला पाळी अर्धवट टाकून निघावं लागलं नाही.’ पहिलं वाक्य कुठल्याही घरातलं, कुठल्याही दिवसाचं असू शकतं. दुसरं फक्त त्या गुरुवारचं आहे, म्हणून ते पुढच्या आठवड्यात जसंच्या तसं लिहिता येत नाही. वही चालू राहते ती यामुळे.

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा. आपल्याला मिळालेलं दिसतं, देणाऱ्याचं गेलेलं दिसत नाही. तिथे लेखणी अडली तर ओळ कोरी ठेवा आणि त्या आठवड्यात त्या माणसाला विचारा: ‘ते करायला तुला किती वेळ लागला?’ खरं काम या प्रश्नापासून सुरू होतं.

नोंदी भरकटतात त्या ठरलेल्या ठिकाणी. नवा फोन, चांगला पाऊस, रिकामा रस्ता असं लिहायला हरकत नाही, पण तीनपैकी दोन नोंदी माणसांच्या हव्यात, कारण पावसाला जाऊन काही सांगता येत नाही. दुसरी गोष्ट, ‘अमक्यापेक्षा आपलं बरं’ हे वहीत आणू नका. तो सुटकेचा निःश्वास आहे आणि तो कोणाच्या तरी वाईटावर उभा असतो. शेजाऱ्याची परिस्थिती सुधारली की हे समाधान गेलं. आणि एखादा आठवडा कोरडा गेला तर ओढूनताणून तीन नोंदी करू नका. एकच घ्या, पण उलटी: ही गोष्ट घडलीच नसती तर? मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये हे तपासलं होतं. चांगली गोष्ट कशी घडली ते लिहिण्यापेक्षा ती घडली नसती तर काय झालं असतं हे लिहिणाऱ्यांची मनःस्थिती जास्त सुधारली. ‘त्या दिवशी शेजारच्या काकांनी दवाखान्यात पोचवलं नसतं तर’ असं लिहायला घ्या, पुढच्या ओळी आपण होऊन येतात.

चौथ्या आठवड्यात नवं काही लिहू नका. मागच्या नऊ नोंदी वाचा आणि ज्यांच्याबद्दल त्या आहेत त्यांच्यापर्यंत त्या पोचल्या का ते बघा. पोचली तिथे बरोबरची खूण. नऊपैकी तीन तरी पोचायला हव्यात. वहीत राहिलेली कृतज्ञता लिहिणाऱ्याच्या कामाची, समोरच्याला तिचा पत्ताही नसतो.

किती फरक पडतो? थोडा. २०२०मध्ये क्रेग आणि चीव्हन्स यांनी २७ अभ्यास एकत्र करून नैराश्य आणि चिंतेवरचा परिणाम पाहिला, तो लहान निघाला. नात्यांना आणि रोजच्या समाधानाला हातभार म्हणून वही चांगली, उपचार म्हणून नाही. दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. अशा काळात ‘एवढं सगळं असूनही मी दुःखी’ ही नोंद अपराधीपणाच वाढवते.

पाना_नंबर_तेरा

बोर्ड काढून टाका. वाईट वाटेल, तरी काढा.

बोर्डावर जे दिसतं त्याचंच कौतुक होतं आणि मेंटेनन्समध्ये दिसतं ते ब्रेकडाऊन. मध्यरात्री बंद पडलेली लाइन ज्याने चालू केली त्याच्या नावाची चिठ्ठी लागणारच. ज्याने वेळेवर ग्रीस मारलं, बेअरिंगचा आवाज बदललेला ऐकला आणि रविवारी ते बदलून टाकलं, त्याच्या मशीनला काही झालंच नाही, म्हणून त्याची चिठ्ठी नाही. तुमचे ते तिघे बहुधा आग विझवणारे असतील. आग लागू न देणारे नजरेतून सुटतायत आणि हळूहळू तेही शिकतात की इथे बिघाड झाल्याशिवाय किंमत नाही. हे विभागाला महागात पडतं.

त्याऐवजी दोन गोष्टी करा.

पहिली गोष्ट, पाळी बदलताना. लॉगबुकमध्ये बिघाडाच्या नोंदींखाली एक रकाना वाढवा: ‘आधीच्या पाळीमुळे आमचं काय सोपं झालं’. हा रकाना येणाऱ्या पाळीने भरायचा, जाणाऱ्या पाळीने किंवा सुपरवायझरने नाही, कारण फायदा ज्याला झाला त्यालाच तो माहीत असतो. नमुना: ‘रात्रपाळीने पंपाचं सील बदललं आणि जुनं सील मशीन नंबरचा टॅग लावून टेबलावर ठेवलं. घासलं कुठून ते बघायला आम्हाला पंप पुन्हा उघडावा लागला नाही. अंदाजे ४० मिनिटं वाचली.’ खाली ज्याने केलं त्याचं नाव. ‘हेल्पर’, ‘कॉन्ट्रॅक्टचा मुलगा’ असं नाही, नाव. काही नसेल तर रकाना कोरा. सक्ती केलीत की तिसऱ्या दिवसापासून ‘सहकार्य चांगलं’ असं येऊ लागेल आणि मग बोर्डाची गत झाली तीच याची.

तुमचं काम पोस्टमनचं. रात्रपाळीबद्दल सकाळी लिहिलेली ओळ रात्रपाळीच्या माणसांना कोणी वाचून दाखवत नाही, ती घरी झोपलेली असतात. त्यांची पुढची पाळी सुरू होताना ती ओळ त्यांच्यासमोर वाचा. वीस सेकंदांचं काम आहे. २४ तासांच्या आत व्हावं, फार तर ४८. महिन्याच्या मीटिंगपर्यंत थांबलात तर त्या माणसाला स्वतःलाही ते सील आठवत नाही.

दुसरी गोष्ट महिन्यातून एकदा, अर्धा तास. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सच्या, म्हणजे बिघाड होण्याआधीच करायच्या देखभालीच्या, चेकलिस्ट काढा आणि ज्या मशीनवर महिनाभर एकही बिघाड नाही ती शोधा. तिथे कोणाच्या सह्या आहेत? त्या माणसाकडे जाऊन विचारा की तू काय बघतोस, कसं ओळखतोस. हे विचारणं हेच आभार आहेत, वर त्यातून चेकलिस्टमध्ये घालण्यासारखं काहीतरी हाती लागतं.

१४ नावांची एक यादी स्वतःपुरती ठेवा. आठ आठवड्यांत ज्याच्या नावापुढे काहीच नाही त्याच्याजवळ एका पाळीत १५ मिनिटं उभे राहून काम बघा. नाव कोरं असण्याचा अर्थ बहुतेक वेळा आपण बघितलं नाही एवढाच असतो. बघूनही काही दिसलं नाही तर खोटं बोलू नका, ‘प्रत्येकाची पाळी’ लावून वाटलेल्या कौतुकाचा वास सगळ्यांना येतो.

कशाबद्दल आभार मानू नयेत, हे त्याहून महत्त्वाचं. गार्ड, म्हणजे फिरत्या भागावरचं संरक्षक कव्हर, काढून मशीन चालवलं आणि डिस्पॅच वेळेत गेला, याबद्दल ‘वाचवलंस रे’ म्हणालात तर पुढच्या वेळी सगळे गार्ड काढतील. जेवण सोडून काम केलं, ताप असताना आला, मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप न लावता पॅनलमध्ये हात घातला, यांचंही तसंच. विभाग काय शिकतो ते तुम्ही कशाला मान दिला यावरून. उलट ज्याने ‘काम चालू आहे, स्विच लावू नका’ असा टॅग लावल्याशिवाय हात लावणार नाही म्हणून लाइन २० मिनिटं थांबवली, त्याचे आभार त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, प्रॉडक्शनवाले नाराज असताना माना. तेव्हाच त्याला त्याची गरज असते.

वाक्याबद्दल थोडं. ‘छान केलंस, पण…’ यातलं फक्त ‘पण’ ऐकू जातं, सूचना दुसऱ्या दिवशी द्या. आभार आणि विनंती एका दमात नको. ‘कालचं काम भारी झालं, आज जरा थांबशील का’ म्हटलं की कालच्या आभारांचं गाजर होतं. आणि सगळ्यांसमोर बोलणं काहींना नको असतं, विशेषतः ज्यांना नंतर सहकारी चिडवतात त्यांना. एकदा विचारून ठेवा.

करवंद

वरचं सगळं पटतं, फक्त एक गोष्ट आधी स्पष्ट व्हावी. तुमच्या १४ जणांत ५ कंत्राटी आहेत, म्हणून लिहिते.

हक्काची गोष्ट दिली त्याला कृतज्ञता म्हणत नाहीत. ओव्हरटाइमचे पैसे दुप्पट दराने देणं हा कायदा आहे. पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस हाही कायदा आहे. हातमोजे, बूट, पगार वेळेवर, आठवड्याची सुट्टी, हे सगळं आधी. यातलं काही राहिलं असेल तर लॉगबुकातली ओळ त्या माणसाला टोचते. ज्याचे बूट फाटलेत त्याचे आभार नव्या बुटांनी मानायचे असतात. कंत्राटी माणसाबद्दलचं चांगलं मत त्याच्या ठेकेदाराला लेखी कळवा, कारण त्याचं काम पुढे चालू राहणं तिथे ठरतं. तोंडी कौतुक तिथपर्यंत पोचत नाही.

दुसरं, आपल्या भाषेत ‘कृतज्ञता’ आणि ‘उपकार’ शेजारी राहतात पण एक नाहीत. उपकाराचं ओझं असतं, त्याची परतफेड करायची असते, आणि तोवर मान खाली घालायची असते. ‘ज्याचं मीठ खाल्लं…’ या वाक्यावर कित्येक माणसं कमी पगारात आणि कित्येक सुना छळात राहिल्या आहेत. म्हणून वहीत एखाद्या माणसाबद्दल लिहिताना छातीवर दडपण येत असेल, ‘त्यांनी एवढं केलंय, आता मी बोलू कशी’ असं वाटत असेल, तर ती नोंद थांबवा. जो केलेल्याची आठवण करून देऊन काही मागतो, त्याच्याशी व्यवहार करा, हिशेब मिटवा. कृतज्ञ राहायची सक्ती नाही. आणि वरिष्ठाने हाताखालच्यांकडून कृतज्ञतेची अपेक्षा कधीच करू नये. हा रस्ता वरून खाली सुरू होतो.

उंबरठा

घरचं सांगते.

‘धन्यवाद’ घरात अडखळतं याचं कारण ते मुळात बाहेरचं आहे: सभा, पत्र, निवेदन. घरच्या माणसाचे आभार मानले की आपण त्याला परकं केलं, अशी आपल्याकडची समजूत, आणि ती पुरती चुकीची नाही. पण त्या समजुतीच्या आड लपून काहीच न बोलण्याची सवय झाली आहे. मराठीत शब्द भरपूर आहेत, फक्त ते ‘आभार’ या घरातले नाहीत: ‘बरं झालं तू होतीस.’ ‘तू आधीच भरून ठेवलंस म्हणून निघता आलं.’ ‘माझ्या लक्षात आलं, तू काल दोनदा उठलीस.’ ‘दमली असशील.’ ही वाक्यं कोणाला परकं करत नाहीत.

‘भाजी छान झालीय’ हे मात्र आभार नव्हेत. तो निकाल आहे, परीक्षकाने दिलेला. पुरणपोळीचंच घ्या. पोळी ताटात येण्याआधी डाळ भिजवणं, शिजवणं, कट काढणं, गूळ घालून आटवणं, गरम असतानाच पुरणयंत्रातून फिरवणं, कणीक तिंबून मुरत ठेवणं, आणि मग तव्यासमोर उभं राहणं. ‘मस्त’ या शब्दात यातलं काही येत नाही. ‘पुरण वाटून हात भरून आला असेल, आता कटाची आमटी मी करतो’ यात सगळं येतं. नोंदवहींनी सांगितलेला तिसरा प्रश्न घरात असा उतरतो. आणि ‘करतो’ म्हटलं की पुरतं करायचं: चिंच शोधण्यापासून पातेलं घासण्यापर्यंत. ‘चिंच कुठे आहे गं?’ असं चारदा विचारलं तर कामाचा विचार तिच्याच डोक्यात राहिला, तुम्ही फक्त हात दिलात.

पोळ्याची रीत बघा, त्यात हे फार नेमकं बसवलंय. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी: जूं जिथे टेकतं तो बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकतात, हळद आणि लोणी किंवा तूप लावून चोळतात, आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असं आमंत्रण देतात. झूल, बाशिंग, मिरवणूक, पुरणपोळीचा घास हे दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी त्याला जुंपत नाहीत. क्रम लक्षात घ्या: आधी दुखरी जागा, मग सुट्टी, मग सजावट. आपण मदर्स डेला सजावटीपासून सुरू करतो आणि केक कापल्यावरची भांडी तिच्याच वाट्याला येतात.

मावशींसाठी याच क्रमाने. पगार ठरलेल्या तारखेला, त्यांनी आठवण करून द्यायच्या आत. महिन्यात ठरलेल्या भरपगारी सुट्ट्या, आजारपणाचे पैसे न कापणं. पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी सांगणं आणि वाढलेल्या भांड्यांचे वेगळे पैसे. करपलेलं पातेलं रात्रीच पाणी घालून ठेवणं. आपण पितो त्याच कपात चहा, बसायला खुर्ची. दिवाळीला एक महिन्याचा पगार जास्त देण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. तो द्याच, पण तो रिवाज आहे. त्यावेळी एक वाक्य वेगळं बोला, वर्षातलं एखादं नेमकं काम आठवून: ‘आई आजारी होत्या तेव्हा तुम्ही सात वाजता यायचात, म्हणून मला कामावर जाता आलं.’

मुलीला ‘थँक यू म्हण’ असं पाहुण्यांसमोर सांगू नका. ती म्हणते आणि विसरते. भेट मिळाली की नंतर, निवांत, प्रश्न विचारा. अमेरिकेत आंद्रेया हुसाँग यांच्या गटाने याचे चार टप्पे केलेत आणि ते आठ वर्षांच्या मुलीला झेपतात: तुला काय मिळालं? आत्याने हे का आणलं असेल? मिळाल्यावर पोटात कसं वाटलं? आता तुला काही करावंसं वाटतं का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर चालतं. एका वेळी चारही विचारले तर उलटतपासणी होते, एक-दोन पुरेत.

दुसरी_पाळी

सगळ्यांचं वाचून वहीच्या पानावर चार प्रश्न लिहून घेतलेत. बोर्ड उतरवतोय.

तीन शंका उरल्या. वडिलांना काही म्हटलं की ‘त्यात काय एवढं’ म्हणतात आणि पेपर उघडतात. पत्र लिहून समोर वाचून दाखवायची पद्धत ऐकली आहे, ती आपल्याकडे चालेल? दुसरं, वरिष्ठांचे आभार मानले की लोणी लावल्यासारखं दिसतं, तिथे काय करावं? आणि बोर्डाऐवजी खंडेनवमीला विभागात काही करता येईल का, त्या दिवशी मशीनची पूजा असतेच.

नोंदवही

पत्राबद्दल. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये जे उपाय तपासले त्यात हे होतं: कधी नीट आभार न मानलेल्या माणसाला पत्र लिहायचं आणि स्वतः नेऊन द्यायचं, आठवडाभरात. तपासलेल्या सगळ्या उपायांत लगेचचा परिणाम याचा सगळ्यात मोठा होता, महिनाभर टिकला, तीन महिन्यांनी मावळला. आठवडाभर रोज तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे लिहिणाऱ्यांचा परिणाम सावकाश आला पण सहा महिन्यांनीही दिसत होता, आणि त्यात ज्यांनी ठरलेल्या आठवड्यानंतरही स्वतःहून लिहिणं चालू ठेवलं त्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे पत्र हा वर्षातून एक-दोनदा करायचा प्रकार आहे, वहीची जागा घेणारा नाही.

वडिलांसमोर वाचू नका. पत्र हातात द्या किंवा चष्म्याच्या डबीखाली ठेवा आणि खोलीतून बाहेर जा. साधारण ३०० शब्द, हाताने लिहिलेले. ‘आदर्श’, ‘प्रेमळ’, ‘त्याग’ हे शब्द गाळा. दोनच प्रसंग घ्या आणि त्यात तारीख, वस्तू, रक्कम येऊ द्या: ‘बारावीच्या क्लासची फी भरायला तुम्ही स्कूटर विकलीत आणि पुढची तीन वर्षं बसने गेलात. ते मला तेव्हा माहीत होतं, मी कधी बोललो नाही.’ त्यानंतर आज तुमच्या आयुष्यात त्यातलं काय उरलंय, एक वाक्य. माफी, जुनी तक्रार, ‘आता तब्येतीकडे लक्ष द्या’ यातलं काही नको, त्यासाठी दुसरं पत्र.

आपल्याला वाटतं समोरचा अवघडेल आणि आपल्याला नीट लिहिता येणार नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८मध्ये पत्र लिहिणाऱ्यांचा अंदाज आणि पत्र मिळालेल्यांचं उत्तर शेजारी ठेवून पाहिलं. मिळालेले लोक लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडले होते, आणि जास्त सुखावले होते.

‘त्यात काय एवढं’ हे मराठीतलं स्वागतच आहे. त्यावर ‘नाही हो बाबा, खरंच’ म्हणून रेटू नका. पेपर उघडला तर उघडू द्या. आठ-दहा दिवसांनी ते आपण होऊन त्या स्कूटरबद्दल काही बोलले तर तेव्हा बसून ऐका.

पाना_नंबर_तेरा

वरिष्ठांचं सोपं आहे. लोणी लावणारा माणसाचं कौतुक करतो, आभार मानणारा कृतीबद्दल बोलतो. ‘सर तुमच्यासारखे साहेब मिळणं भाग्य’ हे लोणी. ‘तुम्ही मागच्या मंगळवारी प्रॉडक्शनशी बोलून शटडाऊनचे ४ तास मिळवून दिलेत, त्यात दोन्ही गिअरबॉक्सचं तेल बदलून झालं’ ही माहिती आहे आणि आभारही. दोघेच असताना सांगा, दोन वाक्यांत संपवा. अप्रेझलच्या महिन्यात सांगू नका, आणि रजा मागायला गेल्यावर तर नाहीच.

खंडेनवमीची कल्पना चांगली आहे, पण पूजेत थांबू नका. आदल्या पाळीत मशीन पुसायचं काम नेहमी हेल्पर आणि हाउसकीपिंगवर पडतं आणि आरतीला ते मागे उभे असतात. या वेळी ज्याच्याकडे जे मशीन, त्याने स्वतः पुसायचं, सुपरवायझरसकट. पुसताना गळती, सैल नट, तुटलेली केबल दिसेल ती खडूने खूण करून लिहून घ्यायची. दसऱ्यानंतरच्या पहिल्या पाळीत ती कामं आधी. पूजेच्या वेळी मुख्य स्विच बंद आणि कुलूप लावलेलं. समई किंवा निरांजन मशीनवर नको, कूलंट (मशीन थंड ठेवणारं द्रव) आणि तेलाच्या ट्रेपासून दूर टेबलावर ठेवा. हळद-कुंकू सेन्सर, लिमिट स्विच, डिस्प्ले आणि गाइडवेवर (ज्यावरून भाग सरकतात त्या पट्ट्यांवर) लागू देऊ नका, बॉडीवर एक बोट पुरे. झेंडूचा हार फिरत्या भागाला अडकवू नका आणि मशीन चालू करायच्या आधी तो काढल्याची सही लॉगबुकात घ्या, पाकळ्या कूलंटच्या गाळणीत जाऊन बसतात.

प्रसाद वाटायच्या आधी लॉगबुकातल्या त्या रकान्यातल्या वर्षभरातल्या ओळी वाचा, नावांसकट. तुमचा रकाना नवा आहे, तेव्हा पहिल्या वर्षी दहा-बाराच निघतील. तेवढ्याच वाचा. हाउसकीपिंगला पुढच्या रांगेत उभं करा, आणि रात्रपाळीची माणसं दिवसा येणार नसतील तर त्यांच्या पाळीला पुन्हा वाचा, प्रसाद त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवून.